गोल करवत : मोठी की लहान?

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत विजेच्या गोल करवतीचा कर्कश आवाज तुम्ही ऐकला असेल. सुतारकामात ती साधारण दोन आकारांत दिसते : पात्याचा व्यास १८५ मिलिमीटर किंवा ११० मिलिमीटर. यांतली कोणती निवडावी?

मोठे पाते मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते, लहान सुमारे १२,०००. परीघ काढून हिशेब करा. मोठ्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला ४८ मीटर, तर लहानाच्या ६९ मीटर! म्हणजे लहान करवत मंद नव्हे.

खरा फरक आहे खोलीचा. पात्याचा आस लाकडाच्या वर राहतो; म्हणून काप त्रिज्येपेक्षा कमीच खोल जातो. मोठीचा सुमारे ६५ मिलिमीटर, लहानीचा ३४. अडीच इंची, म्हणजे ६३ मिलिमीटर जाडीचे चौकटीचे लाकूड मोठी एका दमात कापते. लहानीसाठी ते उलटून पुन्हा कापावे लागते; रेघ चुकली की कापात पायरी पडते. १९ मिलिमीटरच्या प्लायवूडला मात्र लहान, हलकी करवत सोयीची.

पाते लाकडाखाली दात्यापुरतेच बाहेर ठेवावे. ते लाकडात अडकले, तर करवत चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते. म्हणून मुलांनी ती हाताळू नये. हिशेब मात्र जरूर करावा.