तार कोणत्या वाटेने येते?

दापोली तालुक्यात, हर्णैच्या दिशेने उतरत जाणाऱ्या डोंगरांच्या एका कुशीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. समोर माडापोफळींचे आगर, मागे जांभ्याचा उभा कडा आणि त्या कड्याच्या माथ्यावर पसरलेला उघडा सडा, अशी त्याची स्थिती असल्यामुळे वादळवाऱ्यापासून जे संरक्षण पूर्वजांनी घराला दिले, त्याच संरक्षणाने आजच्या काळातील विद्युत्‌लहरींचीही वाट अडवून धरली आहे. महसूल खात्यात ३६ वर्षे चाकरी करून, अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर, २०१८ साली मी सपत्नीक या घरी कायमचा राहावयास आलो. दूरध्वनी, दूरदर्शन आणि इंटरनेट या तीन सोयींची तजवीज करताना माझ्या हातून जी चूक घडली, तिची कैफियत इथे मांडतो आहे. कारण निवृत्तीनंतर गावी परतणारी पुष्कळ मंडळी आज माझ्याकडे विचारणा करीत येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हाती योजनेचे तेच रंगीत पत्रक असते, ज्याला मी भुललो होतो.

वडिलांनी दूरध्वनीसाठी अर्ज केला १९८९ साली, आणि यंत्र ओटीवर आले १९९६ साली. सी-डॉट या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनावाचून चालणारे लहानसे एक्सचेंज तयार केले आणि त्यामुळे आमच्यासारख्या आडवाटेच्या गावांनाही स्वयंचलित दूरध्वनी मिळू शकला, हे मला फार पुढे समजले. त्या वेळी वडिलांनी यंत्राला हळदकुंकू वाहिले होते, एवढेच स्मरते. त्या यंत्राचा एक गुण मात्र आम्हां कोणाच्याच ध्यानी कधी आला नाही, आणि तो गुण गमावल्यावरच त्याचे मोल कळले. तांब्याच्या त्या दोन तारांतून बोलण्याबरोबर वीजही येत असे. एक्सचेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या यंत्राला जागे ठेवीत, त्यामुळे घरातली वीज चार दिवस गेली तरी फोन वाजायचा थांबत नसे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, आणि आमच्या तालुक्यातही आगरेच्या आगरे आडवी झाली. विजेचे खांब, दूरध्वनीच्या तारा, मोबाइलचे मनोरे, सर्वांची दशा एकच झाली. आमचा फोन अडीच महिन्यांनी बोलता झाला, परंतु पूर्वीचा राहिला नाही. सांध्यांतून पाणी शिरून सतत खरखर येई, आणि एक्सचेंजपासून तारेचे अंतर साडेचार किलोमीटर असल्यामुळे त्यावरील ब्रॉडबँड तर नावापुरताच उरला होता, कारण तांब्याच्या तारेवरचा वेग अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होत जातो. त्याच वर्षी पुण्याची कन्या दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे राहत होती, मुलांची शाळा पडद्यावर भरत असे, आणि तास सुरू झाला की धाकट्याला घेऊन कोणीतरी सड्यावर छत्री धरून बसावे लागे. अशा निकडीच्या वेळी, २०२१च्या फेब्रुवारीत, एका खासगी कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी दारी आला.

एकाच फायबरवर इंटरनेट, फोन आणि दूरदर्शनच्या वाहिन्या, ५० एमबीपीएसचा वेग, बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यास जोडणी मोफत, असा त्याचा प्रस्ताव होता. मी दर पाहिला, वेग पाहिला, सही केली. आणि दोन फोनांची दोन बिले कशाला, अशा विचाराने वडिलांचा फोन परत करण्याचा अर्जही त्याच आठवड्यात देऊन टाकला. छपरावर लावलेली दूरदर्शनची तबकडीही उतरवून माडीवर ठेवली. पाच महिने सर्व काही उत्तम चालले, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

२१ जुलै २०२१च्या रात्रीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी ज्या अतिवृष्टीने वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तोच पाऊस आमच्याकडे संध्याकाळपासून कोसळत होता. आठच्या सुमारास घाटीतला विजेचा खांब माडासकट आडवा झाला, वीज गेली, आणि त्याच क्षणी इंटरनेट, फोन आणि दूरदर्शन ही तिन्हीही गेली. कारण कंपनीची फायबर त्याच खांबावरून बांधत आणली होती. मध्यरात्रीनंतर पत्नीला दम्याचा झटका आला. इन्हेलरने उतार पडेना. घरात दोन मोबाइल होते, परंतु दोन्हींवर लहर शून्य. आजवर ते घरातल्या वाय-फायच्या आधारावरच बोलत होते, आणि त्या आधाराचा आम्हांला इतका सराव झाला होता की आपल्या माजघरात मोबाइलला स्वतःचे बळ काहीच नाही, याचा विसर पडला होता. शेजारच्या घरातला तरुण जागा होऊन आला. "काका, हय रेंज गावायची नाय, सड्यावरच जायला लागेल," असे म्हणून तो कंदील घेऊन भर पावसात पाखाडी चढून गेला, तिथून त्याने १०८ला फोन लावला, मग त्याच्या मामांना उठवले, आणि त्यांच्या जीपमधून आम्ही पहाटे तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचलो. पत्नी चार दिवसांत बरी होऊन घरी आली. परंतु पाखाडी चढण्या-उतरण्यात गेलेली ती पाऊण घटका, ज्या ओटीवर पंचवीस वर्षे फोन होता त्या ओटीवर उभे राहून मी जशी घालवली, ती मला आजही विसरता येत नाही.

फायबर जोडून मिळावयास ३९ दिवस लागले. त्या दिवसांचे पैसे परत मागितले असता, करारातील नैसर्गिक आपत्तीचे कलम दाखवण्यात आले. कलम खरोखरीच तिथे होते. उभी हयात लोकांना दस्तऐवज वाचून सही करा असे सांगण्यात घालवलेल्या माणसाने ते वाचले नव्हते.

तेव्हापासून कोणीही विचारावयास आले की दर आणि वेग यांच्याविषयी मी सर्वांत शेवटी बोलतो. पहिला प्रश्न हा, की तार तुमच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने येते. हा प्रश्न कार्यालयात बसून विचारू नये. लाइनमनला चहा द्यावा, आणि त्याच्याबरोबर ती वाट स्वतः चालावी. विजेच्या खांबांवरून येते की जमिनीखालून, कोणत्या वहाळावर लोंबकळते, कोणत्या पोखरलेल्या माडाखालून जाते, हे डोळ्यांनी पाहावे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेल्या केंद्राच्या योजनेतून पुष्कळ ग्रामपंचायतींपर्यंत फायबर आली आहे; परंतु पंचायतीच्या कचेरीपासून तुमच्या वाडीपर्यंतचा अखेरचा टप्पा कोण सांभाळतो, याचे उत्तर दर गावी निराळे असते. तिकडच्या यंत्राला वीज गेल्यावर किती तासांची बॅटरी आहे, हेही तिथेच विचारून घ्यावे, कारण तुमच्या घरचा इन्व्हर्टर कितीही मोठा असला तरी पलीकडचे टोक झोपी गेले तर त्याचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. तार तुटल्यावर खांबावर चढणारा इसम कोण, तो किती लांब राहतो, आणि त्याच्या एकट्याच्या अंगावर किती गावे आहेत? याची खातरजमा करण्यासाठी त्याच्याच तीन ग्राहकांच्या घरी जावे आणि गेल्या आषाढ-श्रावणात किती दिवस बंद होते, एवढेच विचारावे. मार्गशीर्षात सगळ्यांचीच सेवा चांगली असते. थोड्या मंद वेगाची पण तिसऱ्या दिवशी जोडून मिळणारी तार मी आज शंभर एमबीपीएसच्या तारेपेक्षा श्रेष्ठ मानतो. वेगाच्या आकड्याबाबतही एक खुलासा आवश्यक आहे: पत्रकातील आकडा बिटांत असतो आणि संगणकावर उतरणाऱ्या फाइलीचा आकडा बाइटांत, म्हणून ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट. दोन म्हातारी माणसे आणि सुट्टीतली नातवंडे यांना तेवढे पुरून उरते.

जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे प्रकाशाचा जोर मोजणारे एक हातात मावणारे यंत्र असते. त्यावरील आकडा त्याला पावतीवर लिहून द्यावयास सांगावे. तो उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर निर्धास्त राहावे. उणे २७च्या जवळ असेल तर जोडणी आजच कशीबशी तग धरून आहे, आणि पहिल्या वाकड्या सांध्याला ती सोडून जाईल, असे समजून तो सांधा तिथल्या तिथे नीट करून घ्यावा. घरातील फायबरच्या डब्याला बहुधा १२ व्होल्ट लागतात. त्याच्यासाठी स्वतंत्र लहान यूपीएस बाजारात मिळतो, आणि तो घेतल्यास दिवे-पंख्यांनी इन्व्हर्टर संपवला तरी डबा काही तास जागा राहतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होताच डब्याची वीजजोड काढून ठेवावी. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही हे खरे, परंतु अॅडॅप्टरमधून ती येते, आणि कित्येक फायबरींना आधार देणारी बारीक पोलादी तारही बरोबर असते.

मोबाइलविषयी लोक एकमेकांचे ऐकून निर्णय करतात, आणि इथेच घोटाळा होतो. शेजाऱ्याला मिळणारी लहर पन्नास पावलांवरच्या तुमच्या माजघरात मिळेलच असे नाही. जांभ्याच्या दीड हात जाडीच्या भिंती, कड्याचा आडोसा आणि पावसात भिजलेली दाट झाडी यांपैकी प्रत्येक जण आपापला वाटा उचलून घेतो. म्हणून पाहुण्यांकडून निरनिराळ्या कंपन्यांची सिमे तात्पुरती मागून घ्यावीत, ओटी, माजघर, परसू आणि झोपण्याची खोली अशा चार ठिकाणी, सकाळी व रात्री, प्रत्यक्ष बोलून पाहावे, आणि ते वहीत टिपावे. पसंत पडलेल्या दोन कंपन्यांचे मनोरे शक्य तर वेगवेगळ्या डोंगरांवरचे असावेत, कारण एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्या भाड्याने राहतात आणि तो मनोरा बंद पडला की दोन सिमे घेऊनही माणूस निराधारच राहतो. पडद्यावर फक्त आणीबाणीचे कॉल अशी सूचना दिसली, तर निराश होऊन फोन ठेवू नये. आपल्या कंपनीची लहर नसतानाही दुसऱ्या कोणाच्या मनोऱ्यावरून ११२ला सहसा फोन लागू शकतो. ही गोष्ट त्या रात्री मला ठाऊक असती, तर निदान प्रयत्न तरी झाला असता.

मुंबईहून येणाऱ्यांनी आपला जुना क्रमांक घाईने टाकून देऊ नये. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र-गोवा ही दूरसंचाराच्या हिशेबी दोन स्वतंत्र परिमंडळे असली, तरी जुलै २०१५ पासून परिमंडळ बदलूनही क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवल्यावर येणारा संकेतांक आपल्याकडे चार दिवस चालतो. बँक, निवृत्तिवेतन आणि आधार ज्या क्रमांकाशी बांधलेले आहेत, तो पेटीत ठेवून ९० दिवस न वापरल्यास बंद केला जाऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. आमच्या वाडीतील एका वृद्ध भगिनीचे निवृत्तिवेतन अशाच कारणाने चार महिने अडकले.

दूरदर्शनचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक वर्गणी नाही, एकदा तबकडी व पेटी घेतली की झाले. सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहेच. आमच्या भागातून तिचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर येतो, तेव्हा त्या बाजूचा माड आज आखूड असला तरी पाच वर्षांनी कोठे पोहोचेल, याचा अंदाज करूनच तबकडीची जागा ठरवावी. मुसळधार पावसात चित्र गोठते, ते पाऊस ओसरल्यावर आपोआप परत येते. तंत्रज्ञाला बोलावून पैसे देऊ नयेत. वादळाच्या दिवसांत मात्र सेलवर चालणारा रेडिओ आणि रत्नागिरी आकाशवाणी यांवाचून मी राहत नाही.

पैसे आगाऊ भरावयाचे तर पहिल्या पावसाळ्याअखेरपर्यंत तीन महिन्यांहून अधिक भरू नयेत. राउटर विकत की वापरापुरता, अनामत किती, अमुक जीबीनंतर वेग किती उतरतो, हे लेखी घ्यावे. तक्रार तोंडी कधीही करू नये. तिचा क्रमांक मागून घ्यावा, दाद न लागल्यास त्याच क्रमांकाने कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. तिथेही न्याय न मिळाल्यास ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे, कारण दूरसंचार सेवेची फिर्याद तिथे चालू शकते असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. माझ्याकडे ३९ दिवसांतील एकाही तक्रारीचा क्रमांक नव्हता, त्यामुळे मला पुढे जाता आले नाही.

आज आमच्या घरी फायबर आहे ती दुसऱ्या वाटेने, रस्त्याकडेच्या चरातून आलेली. दोन मोबाइल दोन डोंगरांकडे पाहणारे. तबकडी माडीवरून पुन्हा छपराला लागली आहे. वडिलांचा तांब्याचा फोन मात्र परत मिळाला नाही. मी अर्ज केला होता. त्या बाजूच्या तारा आता नव्याने ओढल्या जात नाहीत, असे उत्तर आले. गेल्या वैशाखात वाडीने श्रमदान करून सड्यावर, जिथे लहर हमखास मिळते त्या जागी, चार चिऱ्यांचा पार बांधून त्यावर पत्रा घातला, आणि पाखाडीच्या तिन्ही वळणांवर सौरदिवे लावले. पत्र्याच्या खांबावर १०८, ११२ आणि जीप असलेल्या तिन्ही घरांचे क्रमांक पत्नीने तेलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत.