संदर्भसंख्या आणि संशोधनाचे मोल : हान्स आयझेंक यांच्या लेखनाच्या निमित्ताने

रुग्णालयाच्या संशोधनकार्यास साहाय्य करताना देणगीदार आणि विश्वस्त एक रास्त प्रश्न विचारतात : या संशोधकाचे किती निबंध प्रसिद्ध झाले, आणि इतर अभ्यासकांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला? लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब ठेवायचा तर असा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु उत्तरादाखल येणारा आकडा कशाची मोजदाद करतो, हेही माहीत असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात चिकित्सा मानसशास्त्रातील एका अत्यंत नामवंत संशोधकाच्या लेखनाआधारे हा विषय मांडला आहे.

मोजदादीची रीत तशी सोपी आहे. शास्त्रीय निबंधाच्या शेवटी आधारभूत लेखनाची यादी असते. अशा असंख्य याद्या एकत्र करून कोणाचा उल्लेख किती वेळा झाला, हे शोधण्याची पद्धतशीर सोय अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून उपलब्ध करून दिली. पुढे २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याचा हा निर्देशांक २० असेल, तर त्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झालेला आहे, असा त्याचा अर्थ. उल्लेख स्तुतीसाठी झाला की खंडनासाठी, हे यापैकी कोणतीही पद्धत पाहत नाही.

हान्स आयझेंक यांचा जन्म १९१६ मध्ये बर्लिन येथे झाला. नाझी राजवटीत, १९३४ साली, त्यांनी जर्मनी सोडली आणि इंग्लंडमध्ये शिक्षण पूर्ण केले. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयाशी संलग्न असलेल्या मनोविकार संस्थेत त्यांनी मानसशास्त्र विभाग उभारला. तेथे ते १९५५ पासून १९८३ पर्यंत प्राध्यापक होते. ब्रिटनमध्ये चिकित्सा मानसशास्त्राला स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकार देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. वर्तनोपचारांना वाहिलेले एक नियतकालिक त्यांनी १९६३ मध्ये सुरू केले. सुमारे ८० पुस्तके आणि हजाराहून अधिक निबंध एवढे त्यांचे लेखन. १९९७ मध्ये ते निवर्तले, तेव्हा हयात मानसशास्त्रज्ञांमध्ये नियतकालिकांतून सर्वाधिक संदर्भ त्यांचेच दिले जात होते. विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, या निकषावर फ्रॉईड आणि पियाजे यांच्या पाठोपाठ त्यांचे नाव आले.

त्यांचा १९५२ चा निबंध अवघ्या काही पानांचा होता. उपलब्ध अभ्यास एकत्र करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, सौम्य मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्ती मानसोपचारांशिवायही दोन वर्षांत सुधारतात. सबब मानसोपचारांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. या विधानाने खळबळ उडाली. उत्तरे लिहिली गेली, प्रत्युत्तरे आली, आणि प्रत्येक उत्तरागणिक आयझेंक यांची संदर्भसंख्या एकने वाढली. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. उपचार घेतलेली सर्वसाधारण व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के व्यक्तींपेक्षा चांगल्या स्थितीत असते, असे त्यात आढळले. मूळ निष्कर्ष टिकला नाही. तरीही त्या निबंधाचे ऋण मान्य करावयास हवे, असे आम्हांस वाटते. कारण उपचाराची परिणामकारकता आकड्यांनी दाखवा, ही मागणी त्याने ठणकावून केली.

दुसरे प्रकरण मात्र गंभीर आहे, आणि रुग्णांच्या कुटुंबीयांशी त्याचा थेट संबंध आहे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध डॉल आणि हिल यांनी लंडनमध्येच १९५० साली दाखवून दिला होता. आयझेंक यांनी त्याविषयी सातत्याने शंका घेतली व व्यक्तीच्या स्वभावावर भर दिला. पुढे हायडेलबर्ग येथील रोनाल्ड ग्रोसार्ट-माटिचेक यांच्यासह त्यांनी असे निबंध प्रसिद्ध केले की, भावना दाबून ठेवणारी ‘कर्करोगप्रवण’ व्यक्ती निरोगी स्वभावाच्या व्यक्तीपेक्षा १२१ पट अधिक प्रमाणात कर्करोगाने मरण पावते, आणि वर्तनोपचारांनी, एवढेच काय एखादी पुस्तिका वाचूनही, हा धोका कमी होतो. वैद्यकशास्त्रात एवढे मोठे परिणाम क्वचितच आढळतात. आयझेंक यांच्या संशोधनास तंबाखू उद्योगाकडून आठ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाल्याचे वृत्त १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेलोसी आणि ॲपलबाय या डॉक्टरांनी १९९२ मध्येच एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून या आकडेवारीवर तपशीलवार आक्षेप घेतले होते. पेलोसी यांनी २०१९ मध्ये विषय पुन्हा लावून धरला. आयझेंक यांची संस्था पुढे ज्यात विलीन झाली, त्या किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी करून या जोडीचे २६ निबंध ‘असुरक्षित’, म्हणजे विसंबण्यास अयोग्य, ठरविले. २०२० मध्ये १४ निबंध अधिकृतपणे मागे घेण्यात आले, तर आणखी ६० हून अधिक लेखनावर शंकेची सूचना जोडली गेली. पहिल्या आक्षेपापासून तोवर सत्तावीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. व्यक्तिमत्त्वाच्या मापनाविषयीचे त्यांचे अन्य कार्य त्या चौकशीच्या कक्षेत नव्हते, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

त्या काळात ‘मनात कुढत राहिल्यामुळेच त्यांना हा रोग झाला’ असे ऐकावे लागलेल्या पत्नीने किंवा मुलाने संशोधकाची संदर्भसंख्या पाहिली असती, तर तो आरोप तिला अथवा त्याला शास्त्रसिद्धच वाटला असता. आपल्याकडेही असे बोल लावले जातात. त्यांना या निबंधांचा आधार उरलेला नाही, हे नातेवाइकांनी निःशंक मनाने जाणावे. रुग्णाच्या मनाची काळजी घ्यावी, ती त्याला आजारपण सुसह्य व्हावे म्हणून.

विश्वस्तांपुढे यापुढे संशोधकाची कामगिरी येईल, तेव्हा एकूण बेरजेसोबत निवडक तीन-चार निबंधांविषयी विचारणा व्हावी, अशी सूचना करावीशी वाटते : तोच निष्कर्ष दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पडताळला का, मूळ नोंदी इतरांना पाहावयास मिळतात का, आणि खर्च कोणी केला. संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या नावावरून व त्याच्या गुणांकावरून करू नये, असा आग्रह २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही धरलेला आहे. आयझेंक यांच्या नावापुढील संख्या तर आजही वाढतच आहे. त्या २६ निबंधांतील दोष दाखविणाऱ्या लेखांतही त्यांचे संदर्भ द्यावेच लागतात.