कुत्र्याचा डोळा काढल्यानंतर घरी घ्यायची काळजी



या पानावर आम्ही आजवर रक्तदाब, साखर, बाळंतपण, टीबी असे माणसांचे विषय घेत आलो. या वेळी कुत्र्याचा घेतला आहे. वस्तीत फिरताना हा प्रश्न आता वरचेवर येतो. कुणाच्या कुत्र्याला रिक्षाची धडक बसते, कुणाच्या डोळ्यात दुसऱ्या कुत्र्याचा दात लागतो, कुणाला पोरांनी मारलेला दगड लागतो. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, डोळा काढावा लागेल. घरचे लोक हादरतात. ऑपरेशन होतं, संध्याकाळी कुत्रं घरी येतं, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पुढचे पंधरा दिवस काय करायचं हे नीट सांगणारं कुणी नसतं.

आधी एका आक्षेपाबद्दल बोलू. आमच्याच काही ज्येष्ठ मंडळींनी तोंडावर विचारलं, "माणसांना औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" हा राग आम्हाला कळतो. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवं, असं लिहून ठेवलं होतं. कुत्र्याशी आपलं नाव जोडणं हा अपमान होता आणि तो ठरवून केलेला होता. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. पण त्या अपमानात कुत्र्याचा काय दोष? पंचशीलातलं पहिलं शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो, ते फक्त माणसांपुरतं नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचं कोरलेलं आहे. घरातलं दुखणं एक असो की दोन, ज्याला दुखतंय त्याला दुखतंय.

आता मूळ विषय.

डोळा काढायचाच का, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. डोळा फुटला असेल, आत पू झाला असेल, गाठ असेल, किंवा काचबिंदूमुळे आतला दाब वाढून नजर गेलेली असेल, तर तो डोळा फक्त दुखत राहतो. काचबिंदूचं दुखणं फार वाईट असतं. कुत्रं ओरडत नाही म्हणून आपल्याला वाटतं, सहन होतंय. ते कोपऱ्यात पडून राहतं, डोकं भिंतीला टेकवतं, खाणं कमी करतं. असा डोळा काढल्यावर पुष्कळ कुत्री काही दिवसांत पुन्हा खेळायला लागतात, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं की ते किती दिवस दुखणं काढत होतं. मात्र एक गोष्ट वेगळी आहे. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा, म्हणजे पग वगैरे, डोळा मारामारीत किंवा मानेला धरून ओढल्याने खोबणीतून बाहेर येऊ शकतो. तो हाताने आत ढकलू नका. सलाईनमध्ये किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ओलं ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. लवकर गेलं तर कधी कधी डोळा वाचतो.

खाजगी दवाखान्यात हे ऑपरेशन महाग पडतं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचं जुनं इस्पितळ आहे आणि त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. शिरवळ, परभणी, उदगीर इथेही अशी सरकारी महाविद्यालयं आहेत. तिथे आधी चौकशी करा. कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: डोळा का काढताय, टाके विरघळणारे आहेत की काढायचे, आणि कोणती गोळी किती वाजता. वस्तीतले लोक म्हणून कुणी तुसडेपणाने बोललं तरी उत्तर मिळेपर्यंत उठू नका. उत्तर लिहून घ्या. गाठीमुळे डोळा काढला असेल तर तो तपासणीला पाठवणार का, हेही विचारा.

पहिली रात्र. भूल पूर्ण उतरेपर्यंत कुत्रं झोकांड्या खातं, कधी केकाटतं, ओळखीच्या माणसाकडेही अनोळखी नजरेने बघतं. त्याला खाटेवर किंवा पोटमाळ्यावर ठेवू नका, जमिनीवर गोधडी घालून झोपवा. अंगावर चादर टाका, भुलेनंतर अंग गार पडतं. पंख्याचा वारा थेट नको. नीट उभं राहायला लागलं की थोडं पाणी द्या, मग रोजच्या चौथा हिस्सा खाणं: मऊ भात, उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं चिकन. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको, कांदा कुत्र्याला विषारी असतो. एखादी उलटी झाली तर घाबरू नका, पुन्हा पुन्हा झाली तर डॉक्टरांना कळवा. लहान मुलांना त्या रात्री जवळ झोपवू नका. दुखण्यातलं कुत्रं मालकालाही चावतं, त्यात त्याचा राग नसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखम सर्वांत वाईट दिसते. बाजू सुजते, निळी-काळी पडते, टाक्यांतून गुलाबी पाणी येतं. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचे थेंब आले की बायका घाबरून आम्हाला हाक मारतात. डोळ्यातून नाकात उतरणारी एक बारीक नळी असते, अश्रू त्याच वाटेने जातात, आतलं थोडं रक्तही त्याच वाटेने येतं. दोन-चार दिवस असे थेंब येणं चालतं. धार लागली, थांबतच नाही, तर स्वच्छ कापड हलक्या हाताने पाच मिनिटं दाबून धरा आणि दवाखान्यात न्या. पहिले दोन दिवस, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर, कापडात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं बाजूला धरता येतो. बर्फ थेट लावू नका.

जखम पुसायची ती टाक्यांच्या बाजूबाजूने. हात साबणाने धुवा. सलाईन किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, मलमलीचं उकळलेलं कापड घ्या. कापूस नको, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात. वाळलेली खपली ओढून काढू नका, ओली करून सुटेल तेवढीच सुटू द्या. हळद, चुना, कॉफी पावडर, डेटॉल, स्पिरिट यातलं काहीही लावू नका. आमच्या आज्यांची हळद आम्हालाही प्रिय आहे, पण ती भाजीत. टाके काढेपर्यंत अंघोळ नाही.

गळ्यातली शंकूसारखी कॉलर, जिला पोरं भोंगा म्हणतात, तीच बहुतेक घरांत सर्वांत आधी सुटते. कुत्रं भिंतीवर आपटतं, दयेपोटी कुणीतरी काढून टाकतं, आणि एका पंजाच्या फटक्यात टाके उसवतात. दहा ते चौदा दिवस ती दिवसरात्र हवीच. विकत परवडत नसेल तर जुन्या एक्स-रे फिल्मची करा: नाकाच्या पुढे दोन बोटं येईल इतकी लांब, मानेशी दोन बोटं आत जातील इतकी सैल, कडांना कापडी पट्टी चिकटवलेली. खाण्याचं ताट विटेवर ठेवा, म्हणजे कॉलर जमिनीला अडणार नाही. काही कुत्री तरीही खात नाहीत. मग तुम्ही समोर बसून कॉलर काढा, खाऊ घाला, लगेच परत घाला.

माशी हा आपल्या वस्त्यांतला खरा शत्रू आहे. पुस्तकात याबद्दल दोन ओळी असतात, इथे उघडं गटार दाराशी असतं. ओल्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते आणि बघता बघता अळ्या होतात. त्या मांस खात आत जातात. पावसाळ्यात तर पंधरा दिवस कुत्र्याला मच्छरदाणीत ठेवा, बाळाची जुनी मच्छरदाणी पुरते. जखमेला घाण वास आला, कुत्रं सारखं डोकं झटकायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन ओतू नका. त्याने अळ्या मरतील न मरतील, कुत्र्याची कातडी मात्र जळते आणि उरलेल्या डोळ्यात गेलं तर तोही जाईल. माश्यांचा मलम किंवा फवारा डॉक्टरांना विचारूनच, डोळ्याजवळ काय चालतं ते त्यांनाच ठरवू द्या. गल्लीतलं, कुणाचंच नसलेलं कुत्रं असेल तर टाके निघेपर्यंत त्याला आत ठेवणारं एक घर आधी ठरवा, मगच ऑपरेशनला न्या. तसं घर मिळत नसेल तर भरती करून घेतील का, ते इस्पितळात विचारा. टाक्यांसकट पुन्हा गटारावर सोडायचं असेल तर ऑपरेशन करून उपयोग नाही, हे आम्ही कठोरपणे सांगतो.

औषधांबद्दल. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वजनावर ठरलेली असते, ती खाण्यानंतर द्या. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक देऊ नका. आपल्याला जी गोळी सोसते तीच कुत्र्याचं पोट फोडते, मूत्रपिंड निकामी करते. (जनावरांना डायक्लोफेनॅक देण्याने आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून २००६ साली त्या औषधाचं जनावरांसाठीचं उत्पादन बंद करावं लागलं.) अँटिबायोटिकचा कोर्स सूज उतरली तरी पूर्ण करा. आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या कुत्र्याला देऊ नका.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. जुलाबाने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन बिछान्यावर ठेवलं. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करता येणं, काय सोसतं काय सोसत नाही हे कळणं, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणं, मलमूत्र-उलटीची किळस न वाटणं, आणि रोग्याला धीर देता येणं. नर्सिंगच्या वर्गात आम्ही जे शिकलो त्यात यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. त्याच ठिकाणी, जो रोगी आपलं दुखणं नीट सांगत नाही त्याची सेवा करणं अवघड, असंही म्हटलं आहे. कुत्रं तर बोलतच नाही. म्हणून त्याच्याकडे बघायला शिकावं लागतं. निवांत बसलेलं असताना धापा टाकणं, मान खाली करून न खाणं, सारखी जागा बदलणं, हात लावू न देणं ही दुखण्याची भाषा आहे. गोळी चालू असूनही हे दिसलं तर डॉक्टरांना फोन करा.

वाट न बघता न्यायचं केव्हा? चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, पू आला, टाका उसवला, अंग तापलं, किंवा पूर्ण दिवस खाल्लं नाही की लघवी केली नाही. शी मात्र दोन-तीन दिवस न होणं चालतं, पोटात काही गेलेलंच नसतं.

एका डोळ्याचं कुत्रं लवकर शिकतं. पहिले काही आठवडे अंतराचा अंदाज चुकतो, पायरी चुकते, त्या बाजूने दाराची चौकट लागते. सामान सारखं हलवू नका. स्टोव्ह आणि गरम भांडी त्याच्या अंध बाजूला येणार नाहीत असं बघा. रस्त्यावर दोरी लावूनच न्या आणि तुम्ही त्याच्या अंध बाजूने चाला. मुलांना एवढंच शिकवा: आधी हाक मारायची, मग दिसणाऱ्या बाजूने जवळ जायचं, झोपलेल्याला हात लावायचा नाही. एका घरात मोती नावाचं असंच कुत्रं आहे. तिथल्या आजी त्याच्याजवळून जाताना प्रत्येक वेळी "मोत्या, मी आले रे" म्हणतात. नातू हसतात, पण त्या घरात कुणाला दात लागलेला नाही.

कुत्र्याला आपण कुरूप झालो असं वाटत नाही. खोबण हळूहळू आत बसते, केस येतात. काचेचा डोळा बसवायची गरज नसते. उरलेल्या डोळ्याकडे मात्र लक्ष ठेवा, विशेषतः पहिला डोळा काचबिंदूने गेला असेल तर, कारण पुष्कळदा दुसऱ्यालाही तोच धोका असतो. तो लाल झाला, निळसर-धुरकट दिसला, कुत्रं तो मिटून धरतंय किंवा पंजाने चोळतंय, तर उद्यावर ढकलू नका.

आणि गलोलीबद्दल. दगड मारणारी पोरं बाहेरून येत नाहीत, ती आपल्याच गल्लीतली असतात. विहारातल्या बालवर्गात हा विषय घ्या. ज्या पोराने दगड मारला त्यालाच जखम पुसताना शेजारी बसवा, ओरडण्यापेक्षा ते जास्त कामाला येतं.

शेवटची गोष्ट चावण्याची. सेवा करताना दात लागला, ओरखडा उठला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. कुत्रं घरचं आहे म्हणून थांबू नका. टाके काढायला न्याल तेव्हा कुत्र्याला रेबीजची लस कधी द्यायची ते तारखेसकट लिहून आणा, आणि आधी दिलेली असेल तर ते कार्ड बरोबर घेऊन जा.