वारसा आपल्या हाती नाही, दिनचर्या आहे

“आमच्या घराण्यातच शुगर आहे. मलाही होणारच. मग एक लाडू खाल्ला काय आणि चार खाल्ले काय!” असे बोलणे आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले असेल. माझ्या आजोबांना मधुमेह होता, आता बाबांना आहे. त्यामुळे हा विचार माझ्याही मनात येऊन गेला आहे. तो कितपत खरा आहे, हे आजच्या पाठात समजून घेऊया.

वारसा म्हणजे काय?

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. माणसामाणसांच्या जनुकांत बारीक फरक असतात. दहाव्या गुणसूत्रावरील ‘टीसीएफ७एल२’ या जनुकातील असाच एक फरक मधुमेहाशी जोडलेला आहे, हे २००६ मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी दाखवले. पुढच्याच वर्षी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादचे डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाला भारतीयांमध्येही तोच संबंध आढळला.

हा फरक असेल तर स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी पाझरते. त्याच्या दोन प्रती असतील तर मधुमेहाचा धोका साधारण दुप्पट होतो. पण धोका वाढणे म्हणजे आजार होणारच, असे नव्हे. हा फरक असूनही कित्येकांना मधुमेह होत नाही, आणि तो नसलेल्यांनाही होतो.

प्रयत्नाने काय बदलते?

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांची रक्तातील साखर वाढलेली होती, पण मधुमेह अजून झालेला नव्हता. एका गटाने आहार सुधारला, वजन सात टक्के कमी करण्याचे ध्येय ठेवले आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम केला. या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले.

नंतर त्यांची जनुके तपासली गेली. ज्यांनी जीवनशैली बदलली नव्हती, त्यांच्यात दोन प्रती असलेल्यांचा धोका एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त होता. जीवनशैली बदललेल्या गटात हा फरक सुमारे १५ टक्क्यांवर आला. इतका थोडा की तो योगायोगही असू शकतो. म्हणजे ज्यांचा वारसा जड होता, त्यांनाही प्रयत्नाचे फळ मिळाले.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासातही असेच दिसले. तीन वर्षांत, नेहमीप्रमाणे राहणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ५५ जणांना मधुमेह झाला; आहार सांभाळून रोज चालणाऱ्यांत सुमारे ३९ जणांना. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे घटलेले नव्हते.

दोष कुणालाच नको

इथे थोडे थांबूया. प्रयत्न करूनही त्या ३९ जणांना मधुमेह झालाच. म्हणून आजारी व्यक्तीला “तुम्हीच पथ्य पाळले नसेल” असे म्हणणे अन्यायाचे आहे. बाबांना मी असे एकदा बोलले होते, त्याचे आज वाईट वाटते. दैवावर सारे सोडून देणे जसे चूक, तसेच सारा दोष माणसावर टाकणेही चूक.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर जनुके म्हणजे खात्यातील आरंभीची शिल्लक. ती आपण ठरवत नाही. पण रोजच्या नोंदी बऱ्याच अंशी आपल्या हाती असतात.

या आठवड्याचा अभ्यास

- रोज किमान ३० मिनिटे भरभर चाला.
- साखर, मैदा व तळलेले पदार्थ कमी करा. डाळी, भाज्या आणि भरड धान्ये वाढवा.
- घरात मधुमेह असेल तर वेळोवेळी रक्तातील साखर तपासून घ्या. यासाठी जनुकांची तपासणी करावीच लागते असे नाही.
- औषध सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

चिंतनासाठी: “आमच्या घराण्यातच आहे” असे म्हणून मी कोणता प्रयत्न सोडून दिला आहे? आज तो पुन्हा सुरू करता येईल का?