विहीर आपली, संशोधन कुणाचे?

अमरावतीजवळच्या भातकुली तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. येथील भूजलात इतके क्षार विरघळलेले असतात की अनेक गावांत विहिरीचे पाणी घशाखाली उतरत नाही. ते पिकांना द्यावे तर जमीन बिघडते. पाण्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण फुगतात व सुटे होतात, मातीतील बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते.

या पाण्याचा आणि मातीचा अभ्यास अनेक शास्त्रज्ञांनी केला आहे. आता समजा, तुम्हाला त्यांचा एखादा शोधनिबंध वाचायचा आहे. संगणकावर त्याचे नाव सापडते, चार ओळींचा सारांशही दिसतो. पुढे मात्र पाटी येते : पूर्ण निबंध हवा असल्यास तीस-चाळीस डॉलर भरा! म्हणजे सुमारे तीन हजार रुपये. पाणी आपल्या विहिरीचे, संशोधनाचा खर्च बहुधा सरकारी तिजोरीतून झालेला आणि तरीही निबंध आपल्याला कुलूपबंद. असे का बरे व्हावे?

शोधनिबंध कसा छापला जातो?

शास्त्रज्ञाला काही नवे आढळले की तो ते लिहून एखाद्या संशोधनपत्रिकेकडे पाठवतो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये अशी एक पत्रिका सुरू केली. ती आजही निघते. आज संपादक आलेला निबंध त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांना तपासायला देतात. प्रयोग नीट केला आहे का, निष्कर्ष पुराव्यातून निघतो का, हे ते पाहतात. याला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. कादंबरीकाराला पुस्तकाचे मानधन मिळते; शोधनिबंधाच्या लेखकाला काही मिळत नाही. परीक्षकही बहुतेक वेळा विनामोबदला काम करतात. मग पैसे कशाचे? पूर्वी उत्तर सोपे होते : कागद, छपाई आणि टपाल यांचे. ज्याच्या ग्रंथालयात पत्रिका येत नसे, तो लेखकाला कार्ड लिहून निबंधाची प्रत मागवी आणि लेखक ती आनंदाने धाडी. इंटरनेट आल्यावर प्रत काढण्याचा आणि पाठवण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. पण तोवर अनेक पत्रिका मोठ्या व्यापारी प्रकाशकांच्या हाती गेल्या होत्या. त्यांच्या वर्गण्या वाढतच राहिल्या.

पाणपोईचा रांजण कोण भरतो?

डिसेंबर २००१ मध्ये हंगेरीतील बुडापेस्ट येथे काही अभ्यासक जमले. तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध कोणालाही, कोठेही मोफत वाचता यावेत, असे आवाहन त्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीला ‘ओपन अॅक्सेस’ म्हणजे मुक्त प्रकाशन म्हणतात.

पण पाणपोईवर पाणी फुकट मिळाले, तरी रांजण कोणीतरी भरतोच. संपादन, जुळणी, संगणक यांना खर्च येतोच. तो भागवून निबंध खुला करण्याच्या मुख्य वाटा तीन.

पहिली वाट : वाचकाऐवजी लेखकाने पैसे द्यायचे. हिला ‘सोनेरी’ वाट म्हणतात. पण हे शुल्क कधीकधी डोळे पांढरे करणारे असते. ‘नेचर’ या विख्यात पत्रिकेने २०२१ पासून एका निबंधासाठी ९,५०० युरो आकारायचे ठरवले. वाचकासमोरचे कुलूप निघाले, पण ते लेखकाच्या दाराला लागले!

दुसरी वाट ‘हिरवी’. पत्रिका कोणतीही असो, लेखकाने निबंधाची आपली प्रत एखाद्या खुल्या संग्रहात ठेवायची. भारत सरकारच्या विज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या पैशांतून झालेल्या संशोधनासाठी असेच धोरण जाहीर केले.

तिसरी वाट : लेखकाकडूनही पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. खर्च संस्था सोसते. हिला ‘हिरा’ म्हणतात. हे जमते का? त्यासाठी मुंबईला जाऊ.

मुंबईचा प्रयोग

परळचे केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय यांची ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही पत्रिका १९५५ पासून निघते. डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था उभी केली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही पत्रिका इंटरनेटवर सर्वांना खुली झाली. लेखकांकडून शुल्क घेतले नाही. खर्च छापील अंकाची वर्गणी, जाहिराती यांतून निघे.

फुकट मिळते म्हटल्यावर छापील अंक कोण घेणार, अशी भीती कोणालाही वाटेल. घडले उलटेच. वर्गणीला धक्का बसला नाही. परदेशांतून येणारे निबंध वाढले आणि इतर शास्त्रज्ञ या पत्रिकेतील निबंधांचा उल्लेख अधिक करू लागले. पुढे भारतातील अनेक वैद्यकीय पत्रिका मेडनोकडे आल्या. २०११ मध्ये मेडनो ही संस्थाच वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली. म्हणून प्रयोग फसला असे नव्हे. मात्र वाट खुली ठेवायची तर ती कोणाच्या ताब्यात आहे, हेही पाहावे लागते.

सरकारने वर्गणी भरली तर?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. पूर्वी मोठ्या संस्थांनाच परवडणाऱ्या पत्रिका त्यामुळे लहान सरकारी महाविद्यालयांतही पोचू शकतात. पण हे मुक्त प्रकाशन नव्हे. येथे कुलूप तसेच आहे. किल्ल्या मात्र अधिक जणांना वाटल्या आहेत. भातकुलीचा शेतकरी किंवा तुमच्या शाळेतील शिक्षक यांना पहिल्या टप्प्यात ती किल्ली मिळालेली नाही.

खुले ते सारे खरे?

नाही. पैसे घेऊन, काहीही न तपासता निबंध छापणाऱ्या बनावट पत्रिकाही निघाल्या आहेत. म्हणून वाचताना विचारा : पत्रिका कोणत्या संस्थेची? संपादक कोण? मोजमाप कसे केले, किती विहिरींचे पाणी तपासले, हे सांगितले आहे का? कुलूपबंद निबंधही चुकू शकतो. पण खुला निबंध कोणीही पडताळू शकतो, आणि विज्ञान पडताळणीवरच चालते.

करून पाहा

१. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात. शिक्षकांच्या मदतीने तेथे पूर्णा खोऱ्याच्या भूजलावरील प्रबंध शोधा.

२. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिका तिच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. त्यांपैकी ‘रेझोनन्स’ ही विद्यार्थ्यांसाठीच आहे. तिच्यातील एक लेख वाचून त्याचा सारांश दहा ओळींत मराठीत लिहा.

३. आपल्या गावातील दहा विहिरींच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण शिक्षकांच्या देखरेखीखाली उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर मोजा. तक्ता कपाटात ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि कसे मोजले तेही लिहा. कोणी चूक दाखवली तर पुन्हा मोजा.