पैसे दिलेस का?

जगलबेट, ता. जोयडा

चि. बायो हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल रामनगरच्या बाजारात सुपारीवाल्याने मला सहज विचारलं, "तुमच्या भावाला एवढी उचल कशाला हवी झाली?" मला काहीच ठाऊक नव्हतं, हसून वेळ मारून नेली. घरी येऊन वहिनीला खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मुंबईत तुला कुणी मालिकेत काम देतोय आणि त्याआधी चाळीस हजार भरायचे आहेत. फोटोंचे, कार्डाचे आणि कसल्याशा नोंदणीचे. वहिनीच्या पाटल्यांचंही नाव निघालं म्हणे. बायो, दिलेस का ते पैसे? पुढचं पत्र नंतर वाच, आधी फोन कर. लागला नाही तर पुन्हा कर. मी टेकडीवर रेंजमध्ये जाऊन बसते.

तू बी.कॉम. झालीस ना गं? मग गड्याला कामावर ठेवताना मालक त्याच्याकडूनच पैसे घेतो, हा कुठला हिशोब? नटाला निर्माता पैसे देतो. नट शोधून आणणाऱ्या कास्टिंगवाल्यालाही निर्माताच देतो. 'आधी कार्ड, मग रोल' म्हणतात ती निव्वळ थाप. सिंटा ही कलाकारांची संघटना आहे, तिचं सभासदत्वाचं कार्ड थेट तिच्याकडूनच घ्यायचं असतं, आणि ते घेतलं म्हणून कुणी भूमिका देत नाही. हे मी मनाने लिहीत नाही. माझा एक जुना विद्यार्थी मालिकांच्या कपडेपटात आहे. चौथीत पाढे चुकायचा, पण काल रात्री त्याने मला तासभर शिकवलं.

तो म्हणाला, वर्सोव्याला आराम नगरात कास्टिंगची ऑफिसं एकमेकांना लागून आहेत, पोरं सकाळपासून दारोदार फिरतात, आणि बरीचशी 'नॉट फिट' एवढं ऐकून दारातूनच परत फिरतात. तुलाही ते ऐकायला लागलं असणार. आम्हांला सांगितलं नाहीस. आता पहिली फेरी बहुतेक मोबाइलवरच होते म्हणे: ते प्रसंग पाठवतात, आपण नाव, वय, उंची सांगायची, चेहरा डावीकडून-उजवीकडून दाखवायचा आणि प्रसंग करून पाठवायचा. मागे साधी भिंत, तोंडावर खिडकीचा उजेड. याला चाळीस हजार कुठे लागतात? चाळीस रुपये तरी लागतात का?

'सैराट'ची रिंकू राजगुरू अकलूजला सापडली, तसं आपलंही नशीब उघडेल, असं तू मागे दिवाळीत म्हणाली होतीस. नागराज मंजुळ्यांना तशी मुलगी हवी होती म्हणून ते शोधत होते. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडेही असाच खेड्यात सापडला. गरज शोधणाऱ्याची होती. तुझ्याकडे आलेल्या माणसाला तुझी गरज आहे की वहिनीच्या पाटल्यांची, एवढंच बघ.

मी इतकी का चिडले ते तुला कळायला हवं. आपल्या जत्रेच्या नाटकात स्त्रीपात्र कायम बाहेरून यायचं, बेळगावहून नाहीतर गोव्याहून. गावचे पुरुष महिनाभर तालमी करायचे आणि मी पडद्यामागे वही घेऊन प्रॉम्प्टिंग करायची. सुप्याच्या धरणात पाणी चढत होतं त्या सुमाराची गोष्ट. जत्रेच्या रात्री बाईंची गाडी अनमोड घाटात अडकली. नाटक मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सगळे आजोबांकडे बघायला लागले. आजोबा खाली बघत राहिले. शेवटी मिसरूड न फुटलेल्या एका पोराला लुगडं नेसवलं आणि रात्रभर मी त्याला माझी वाक्यं पुरवली. तुझा बाबा तेव्हा लहान होता, माझ्या शेजारी कंदील धरून बसला होता. तू मुंबईला जाते म्हणालीस तेव्हा तो एका शब्दाने आडवा आला नाही, त्याचं कारण ती रात्र आहे. आणि म्हणूनच तू पैसे मागितलेस तरी त्याच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. म्हणून मी नाही म्हणते आहे.

परत ये असं मी म्हणत नाही. उलट नीट शिक. अनमोड उतरलं की गोवा, पणजीला कला अकादमीत नाटक शिकवतात. सागर तालुक्यातल्या हेग्गोडूला सुब्बण्णांचं निनासम आहे, 1980 पासून तिथे राहून नाटक शिकता येतं. आपल्याच जिल्ह्यातले प्रशांत सिद्धी आणि गिरिजा सिद्धी तिथेच शिकले. तुझं कानडी माझ्यापेक्षा चांगलं आहे. कोंकणी, मराठी, कानडी, हिंदी अशा चार भाषा तोंडात असलेली दुसरी मुलगी कास्टिंगच्या रांगेत कितीशी सापडेल? मुंबईतच राहायचं तर एखाद्या प्रायोगिक नाटकात बॅकस्टेज धर, विंगेतून पुष्कळ दिसतं. आणि जंगलातली म्हणून कुणी हिणवलं तर सांग, 1842 साली आमच्या उत्तर कन्नडातली भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला गेली होती, ते पाहून राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं आणि पुढच्याच वर्षी 'सीता स्वयंवर' उभं राहिलं.

फार बोलले. दिले असशील पैसे तर दिलेस, त्यावरून घरी कुणी तुला टाकून बोलणार नाही, तेवढं मी बघते. फक्त पाटल्या जाऊ देऊ नकोस आणि त्या माणसाकडे एकटी जाऊ नकोस. जेवतेस ना वेळेवर? गावचं कुणी तिकडे येणार आहे का विचारते, कोकमं आणि मुडल्यांचे कंद पाठवीन. मुडल्या खोलीतल्या मुलींनाही उकडून घाल.

आणखी एक. तो विद्यार्थी म्हणाला, मोबाइलवर प्रसंग करताना समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणीतरी लागतं. तुझ्या खोलीतल्या मुली रात्री दमून येत असतील, त्यांना कशाला त्रास? पुढचा प्रसंग आला की मला पाठव. संध्याकाळी सातनंतर मी टेकडीवर असते, तिथून फोनवर वाचीन. पुरुषाचं पात्र असलं तरी वाचीन. घाई करू नकोस, तुझं वाक्य पुरं होईपर्यंत मी थांबेन.

तुझी
आत्या