डोळ्यासमोर अचानक जाळं आलं तर

पंचविशी-तिशीतला धडधाकट तरुण सकाळी उठतो आणि एका डोळ्यासमोर काळे धागे तरंगताना दिसतात. कुणाला धूर पसरल्यासारखा वाटतो, कुणाला कोळिष्टकं. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. मग मेडिकलमधून थेंब आणून आठवडा काढला जातो. ते थेंब इथे उपयोगाचे नाहीत. रक्त साकळलेलं असतं ते डोळ्याच्या आत, दृष्टिपटलासमोरच्या पारदर्शक द्रवात.

अशा वेळी ईल्सचा आजार असू शकतो. बर्मिंगहॅमचे नेत्रतज्ज्ञ हेन्री ईल्स यांनी १८८० साली तरुण पुरुषांमधल्या अशा वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचं वर्णन केलं. त्या रुग्णांना बद्धकोष्ठता होती, नाकातूनही रक्त येई. आज आपल्याला ठाऊक आहे की मूळ दुखणं दृष्टिपटलाच्या शिरांना येणाऱ्या सुजेचं आहे. शिरा बंद पडतात, कडेच्या भागाला प्राणवायू कमी पडतो आणि तिथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात. रक्त येतं ते त्यांतून. पाश्चात्त्य देशांत हा आजार विरळा, भारतात मात्र अजून दिसतो. क्षयाच्या जंतूंमधल्या प्रथिनांना शरीर देत असलेली तीव्र प्रतिक्रिया हे एक कारण मानलं जातं. म्हणून आम्ही मांटू चाचणी आणि छातीचा एक्स-रे सांगतो. त्याने घाबरू नका, हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. काही आठवड्यांत रक्त आपोआप शोषलं जातं, स्वच्छ दिसू लागतं आणि रुग्ण यायचं बंद करतो. लेझर करायची वेळ नेमकी तीच असते! ठिसूळ वाहिन्या तशाच राहिल्या तर पुन्हा रक्त येतं, मग तंतू तयार होतात आणि ते दृष्टिपटल ओढून सुटं करतात. दुसऱ्या डोळ्याची कुरबूर नसली तरी तोही तपासायलाच हवा, कारण बहुतेकांत आजार दोन्हीकडे असतो.

सूज असेपर्यंत स्टेरॉइड लागतं. ते मनाने सुरू करू नका, मनाने थांबवूही नका. क्षय लपलेला असेल तर नुसतं स्टेरॉइड घातक ठरतं. रक्त हटलंच नाही तर विट्रेक्टमी ही शस्त्रक्रिया आहे.

ताजा रक्तस्राव असेल तर उशी उंच घेऊन झोपा, जड वजन उचलू नका. तपासणीला येताना सोबत कुणाला तरी आणा. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधूक दिसतं, गाडी चालवता येत नाही.